सुरक्षेची उपकरणेच तापतात तेव्हा

11 मार्च 2011 च्या रात्री जपानमधल्या फुकुशिमा दाइची अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या संचातला पाणीपातळीमापक सांगत होता की, इंधनाच्या माथ्यावर वीस सेंटिमीटर पाणी आहे. प्रत्यक्षात इंधन तोवर उघडे पडले होते. मापक मोडलेला नव्हता. एका नळीत संदर्भासाठी पाणी कायम भरलेले ठेवायचे आणि तिच्यातल्या दाबाशी भट्टीतल्या पाण्याचा दाब ताडून पाहायचा, एवढेच त्याचे काम. भोवताल इतका तापला की त्या नळीतलेच पाणी वाफ होऊन गेले. दोन दाबांतला फरक घटला आणि मापकाने पाणी पुरेसे असल्याची ग्वाही दिली. मे महिन्यात तो नव्याने जुळवून पाहिला, तेव्हा पाणी इंधनाच्या माथ्यापासून पाच मीटरहून अधिक खाली असल्याचे कळले. त्सुनामीची दृश्ये जगभर पाहिली गेली. या नळीबद्दल मात्र तज्ज्ञांपलीकडे फारसे कोणी बोलले नाही. भट्टीच्या स्वतःच्या उष्णतेत तिचीच सुरक्षा-उपकरणे किती तग धरतील, हा प्रश्न मला भूकंप आणि लाटांइतकाच मोठा वाटतो. अणुसुरक्षेची सारी भिस्त पर्यायांवर असते: एक पंप बंद पडला तर दुसरा, एक वीजवाहिनी तुटली तर दुसरी. सगळे एकाच वेळी निकामी होणार नाही, हे त्यामागचे गृहीतक. उष्णता नेमके तेच मोडते, कारण शेजारी असलेल्या सगळ्यांना ती एकदमच गाठते.

याचा पुरावा जपानात शोधायला नको. 31 मार्च 1993 च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुऊर्जा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटले आणि आग केबलींच्या मार्गाने पसरत गेली. मुख्य आणि पर्यायी पुरवठ्याच्या केबली पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या, म्हणून दोन्ही जळाल्या. सुमारे 17 तास संच विजेविना होता. नियंत्रण कक्षात धूर भरल्याने कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. भट्टीत बोरॉन सोडण्यासाठी काही जण हाताने झडपा उघडायला वर चढले, आणि डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रांना पाणी दिले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. पण ते श्रेय आराखड्यापेक्षा त्या कर्मचाऱ्यांचे अधिक आहे.

यावर अभियंत्यांचे उत्तर ठरलेले असते: ही उपकरणे वाफ, दाब आणि किरणोत्साराच्या कसोटीला उतरल्यावरच बसवली जातात. ते खरे आहे. पण कसोटीत चाळीस वर्षांचे म्हातारपण काही आठवड्यांत ओव्हनमध्ये भाजून आणायचे, तर संपूर्ण हिशेब गृहीत धरलेल्या तापमानावर उभा राहतो. ढोबळ नियमाने तापमान दहा अंशांनी वाढले की केबलीच्या आवरणाचे आयुष्य निम्म्यावर येते. वाफेच्या नळाला खेटून गेलेली केबल कागदावरच्या सरासरीत जगत नसते. शिवाय कसोटी आखलेल्या अपघाताची असते. फुकुशिमात भट्टीभोवतीच्या कवचाचे तापमान आराखड्यातल्या मर्यादेपलीकडे गेले, झाकणाच्या सांध्यातले सिलिकॉन रबर टिकले नाही आणि तिथून हायड्रोजन इमारतीत शिरल्याचे मानले जाते. नरोरानंतर आपल्याकडे केबलींचे मार्ग वेगळे केले, आगरोधक अडथळे उभारले. फुकुशिमानंतर बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या केल्या. या सुधारणा मोलाच्याच आहेत. पण प्रत्येक सुधारणा अपघातानंतर आली, हेही त्यासोबत मान्य करावे लागते. अपघाताआधीच जागे व्हायचे, तर या उपकरणांची माहिती लोकांसमोर हवी. ती उघड केल्यास घातपात्यांचे फावेल, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. केबल कुठून जाते हे कोणी विचारत नाही. ती किती जुनी आहे, शेवटची कधी तपासली आणि प्रत्यक्षात किती तापते, एवढेच विचारायचे आहे.

पालघर जिल्ह्यातल्या तारापूर केंद्राचे पहिले दोन संच 1969 मध्ये सुरू झाले, आणि फुकुशिमाच्या पहिल्या संचाप्रमाणेच ते जनरल इलेक्ट्रिकचे उकळत्या पाण्याचे संच आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाने सुरुवात तिथूनच करावी: केबली, सांध्यांचे रबर आणि मापक यांचे वय, नोंदलेले तापमान आणि बदलांचा तपशील दरवर्षी पालघरच्या लोकांना कळेल अशा मराठीत जाहीर करावा.