उंची घटली, जोखीम वाढली

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे सपाट काँक्रीट पाहून मोटारीची उंची कमी करण्याचा मोह पनवेलच्या हौशी चालकाला होणे स्वाभाविक आहे. मात्र त्या मार्गापर्यंतची वाट खड्डे आणि गतिरोधकांतूनच जाते. मूळ स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बरऐवजी कॉइलओव्हर बसवून त्यावरील आट्याची कडी फिरवली, की गाडी खाली येते. गुरुत्वमध्य उतरल्याने वळणावर ती कमी कलते, हे खरे. पण तळ जमिनीपासून 170 मिलिमीटरवर असलेली हॅचबॅक 50 मिलिमीटर खाली आणली, तर 120 उरतात. प्रवासी बसल्यावर त्यातूनही घट होते. गतिरोधकाची प्रमाणित उंचीच 100 मिलिमीटर आहे.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेतील बदलांना आळा घालते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. सुटे भाग मात्र खुलेआम विकले जातात. विक्री खुली आणि जोखीम ग्राहकाची, ही विसंगती दूर व्हायला हवी. कोणता बदल चालेल, हे गाडी गॅरेजमध्ये जाण्यापूर्वीच मालकाला स्पष्टपणे कळले पाहिजे.