शून्य रुपयांची तीन कोटेशने

मराठवाड्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालकांचे पत्र या महिन्यात आले. त्यांना एका शासकीय कार्यालयाचे काम मिळाले आहे: पावत्या, थकबाकी, नोटिसा, म्हणजे आपल्या रोजच्या भाकरीचे काम. कार्यादेशात एक अट अशी की सोर्स कोडसाठी आवृत्ती नियंत्रण प्रणाली वापरणे बंधनकारक राहील. ही अट वाचून आम्हाला आनंदच झाला. दहा वर्षांपूर्वी अशी ओळ कुणी लिहिली नसती. पण पुढचे वाक्य होते, 'प्रणालीची निवड किमान तीन कोटेशने मागवून, तुलनात्मक तक्त्यासह या कार्यालयाच्या मान्यतेने करावी.'

या गृहस्थांनी इमानाने तक्ता केला. गिट, सबव्हर्जन, मर्क्युरिअल. तिन्हींच्या दराच्या रकान्यात शून्य. काही दिवसांनी फाइल परत आली. शेरा असा: तिन्ही दर समान असल्याने निम्नतम दर निश्चित होत नाही, सबब पुरवठादारांशी वाटाघाटी करून दर कमी करून घ्यावेत व तसा खुलासा सादर करावा.

शून्यावरून खाली यायचे म्हणजे गिट लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने कार्यालयाला पैसे द्यायचे, एवढाच अर्थ उरतो. आमच्या वाचकाने खुलासा लिहिला की ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, पुरवठादार कुणी नाही. त्यावर नवा आक्षेप आला: पुरवठादारच नसेल तर कोटेशन कुणाच्या लेटरहेडवर घेतले? शेवटी जे सगळीकडे होते तेच झाले. ओळखीच्या दोन दुकानदारांकडून 'गिट इन्स्टॉलेशन चार्जेस' अशी कोटेशने आणली, आपले तिसरे त्यांच्याखाली बसवले आणि तक्ता मंजूर झाला. म्हणजे फुकट मिळणाऱ्या वस्तूला किंमत लावल्यावर नियम समाधान पावला. आता देयक अडले आहे ते वेगळ्याच कारणाने. खरेदी झाली असल्याने जडवस्तू नोंदवहीत नोंद घेतल्याचा दाखला हवा, आणि भांडारपाल म्हणतो वस्तू दाखवा.

हे एकच पत्र असते तर हसून सोडून दिले असते. पण हस्तांतरणाबद्दलच्या तक्रारी तर वर्षभर येत आहेत. काम संपल्यावर सोर्स कोड दोन डीव्हीडींवर, शिवाय प्रत्येक पानावर सही-शिक्का मारलेली छापील प्रत. डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह आता कुणाच्या लॅपटॉपमध्ये आहे? तो बाहेरून विकत आणावा लागतो. छापील प्रतीचे गठ्ठे कपाटावर जातात आणि तिथेच राहतात. आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते. त्या डीव्हीडीवर असतो तो शेवटच्या दिवशीचा कोड. दोन वर्षांत व्याजाच्या हिशेबाचे सूत्र कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून बदलले, हा सगळा इतिहास कंत्राटदाराच्या सर्व्हरवर राहतो आणि पुढच्या निविदेत कंत्राटदार बदलला की नाहीसा होतो. आवृत्ती नियंत्रणाची अट घालायची आणि ताब्यात घेताना आवृत्त्याच घ्यायच्या नाहीत! लेखापरीक्षक या बाबतीत अवाक्षर काढत नाहीत. त्यांना डीव्हीडीची पोच हवी असते.

वास्तविक केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण 2015 पासून आहे. सरकारी कोड ठेवण्यासाठी ओपनफोर्ज नावाचे व्यासपीठही आहे. मे 2020मध्ये आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड सरकारने गिटहबवर खुला केला होता. तेव्हा दिल्लीत हे माहीत नाही असे नाही. जिल्ह्याच्या टेबलापर्यंत ते पोचलेले नाही, आणि पोचवण्याची निकड कुणालाही नाही.

आता न्यायाचे बोलायचे तर कार्यालयाने तुलना मागितली यात चूक काहीच नव्हती. रकाने चुकले. दराऐवजी पहिला रकाना मालकीचा हवा होता. लिनक्स कर्नलचे काम 2002पासून बिटकीपरवर चालत असे. ते लॅरी मॅक्व्हॉय यांच्या कंपनीचे, व्यापारी उत्पादन. कर्नलवाल्यांना फुकट, पण अटींवर. अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्याच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतंत्र क्लायंट करायला घेतला आणि एप्रिल 2005मध्ये फुकटचा परवाना बंद झाला. त्याच महिन्यात टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले आणि ऑलिव्हिया मॅकॉल यांनी मर्क्युरिअल. कर्नलचे मुख्य गिट भांडार आजही 2.6.12-आरसी2 पासूनच सुरू होते. त्याआधीचा इतिहास हवा असेल तर तो वेगळा आणून जोडावा लागतो. तेव्हा दर शून्य असला तरी परवाना कुणाच्या हातात आहे, हे तक्त्यात पहिल्यांदा लिहा.

दुसरा रकाना फायलींच्या जातीचा. कोड म्हणजे मजकूर असेल तर गिटशी स्पर्धा नाही. पण नकाशे, ऑटोकॅडची ड्रॉइंग, फोटोशॉपच्या फायली मर्ज होत नाहीत. तिथे 'मी काम करतोय, तू हात लावू नकोस' असे सांगणारे लॉक लागते. सबव्हर्जनमध्ये ते मुळातच आहे. गेम स्टुडिओ आजही परफोर्स धरून आहेत ते याचसाठी. गिटला एलएफएस जोडून लॉक मिळते, पण त्याला सर्व्हरची साथ लागते आणि टीमला शिस्त. एखाद्या ठेकेदाराला फक्त एकच फोल्डर दिसावे अशी गरज असेल तर तीही सबव्हर्जन पाथनिहाय परवानगीने भागवते. गिटमध्ये रिपॉझिटरी वाचता आली की सगळीच वाचता येते. अशा कामात सबव्हर्जन ठेवणाऱ्याला नव्या पोरांनी हिणवू नये. उलट तालुक्याच्या ठिकाणी, नेट दिवसातून चार वेळा जाणाऱ्या कचेरीत बसून काम करणाऱ्याने सबव्हर्जन घेतले तर सर्व्हर दिसेपर्यंत त्याचा कमिट खोळंबतो. तिथे गिटच.

मर्क्युरिअलबद्दल आम्हाला वाईट वाटते. त्याच्या आज्ञा गिटपेक्षा सुसंगत आहेत, शिकवायला सोपे आहे. पण पायथॉन 2017मध्ये त्याच्यावरून गिटहबवर गेले, बिटबकेटने 2020मध्ये त्याचा आधार काढला, आणि फायरफॉक्सवाल्या मोझिलानेही अखेर गिट स्वीकारले. चांगले असूनही ज्याच्यावर काम करणारी माणसे मिळत नाहीत, ते नव्या प्रकल्पात घेऊ नये, एवढेच म्हणतो.

आणि एक रकाना, जो कुठल्याच इंग्रजी तक्त्यात सापडणार नाही: देवनागरी. 'शेतकऱ्यांची_यादी' अशा नावाची फाइल ॲड करून गिटला स्थिती विचारा. नावाच्या जागी उलट्या रेघा आणि 340, 244 असे आकडे दिसतात. नवशिका घाबरतो, फाइल बिघडली म्हणतो आणि नाव इंग्रजी करून टाकतो. बिघडलेले काही नसते. कोअर.कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केले की नाव नीट दिसते. खरे दुखणे पुढे आहे. 'शेतकऱ्यांची' मधला ऱ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. काही कीबोर्ड तर र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर असे टंकतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, गिटच्या लेखी मात्र ती तीन वेगळी नावे. जुन्या मॅक फाइल सिस्टिम नाव साठवताना ऱ तोडून ठेवत, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली दिसल्याची तक्रार आली तर भुताटकी समजू नका. फायलींची नावे रोमन लिपीत ठेवा आणि मराठी आत, मजकुरात. एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून काढलेल्या याद्यांचीही गत तीच. त्या यूटीएफ-16मध्ये असतात, गिट त्यांना बायनरी समजते आणि डिफ दाखवत नाही. एक तर त्या यूटीएफ-8 करून घ्या, किंवा गिट 2.18पासून .गिटअॅट्रिब्यूट्समध्ये वर्किंग-ट्री-एन्कोडिंग देता येते ते वापरा.

इथवर कार्यालयांना बोलून झाले. पण आपल्या लोकांचे काय? आमच्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या प्रकल्पांत कमिट संदेश कसे असतात: 'चेंजेस', 'फिक्स', 'फायनल', 'फायनल नवीन', 'सरांनी सांगितल्याप्रमाणे'. ॲड, कमिट, पुश या तीन आज्ञा पाठ केल्या की गिट आले अशी समजूत आहे. बग कुठल्या कमिटने आणला हे शोधायला बायसेक्ट आहे, हे सात-आठ वर्षे नोकरी केलेल्यांनाही सांगावे लागते. मर्ज कॉन्फ्लिक्ट आला की रिपॉझिटरी पुसून पुन्हा क्लोन करणारे बहाद्दर प्रत्येक टीममध्ये आहेत. रीफ्लॉगमध्ये सगळे शाबूत होते हे त्यांना नंतर कळते, किंवा कळतच नाही. डेटाबेसचा पासवर्ड कमिट झाला आणि पुढच्या कमिटमध्ये काढून टाकला, म्हणजे गेला? तो इतिहासात आहेच. आधी पासवर्ड बदला, इतिहास धुणे नंतर. आणि सामायिक ब्रँचवर फोर्स पुश करणाऱ्याने निदान फोर्स-विथ-लीज तरी वापरावे. दुसऱ्याचे दिवसभराचे काम आपल्या एका एंटरने उडते, याची लाज वाटायला हवी. महाविद्यालयांत तर प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये गिटच्या आज्ञा पेनाने लिहून घेतात. त्या मुलांना बोलण्यात अर्थ नाही. त्यांच्या जर्नलवर सही करणाऱ्या प्राध्यापकांपैकी किती जणांचे स्वतःचे एक तरी रेपो आहे, हे त्यांनीच आपल्या मनाशी विचारावे.

आपली शिस्त अशी असेल तर कार्यालयाने 'इतिहास द्या' म्हटल्यावर आपल्यापैकी अनेकांना घाम फुटेल, हे कबूल केले पाहिजे. म्हणूनच कदाचित डीव्हीडीच्या अटीविरुद्ध फारसे कुणी भांडत नाही.

आता भांडायला हवे. आणि भांडताना हातात पर्याय हवा. पर्याय नवा शोधायचा नाही. गिट बंडल ही आज्ञा सर्व ब्रँच, टॅग आणि संपूर्ण इतिहास एका फाइलमध्ये बांधून देते. कार्यालयाला डीव्हीडीच हवी असेल तर ती फाइल डीव्हीडीवरही बसते, आणि घेणाऱ्याला ती क्लोन करून तपासता येते. एलएफएसमधल्या फायली तिच्यात येत नाहीत, त्या वेगळ्या द्याव्या लागतात. सबव्हर्जनवाल्यांना एसव्हीएनॲडमिन डम्प आहे. शेवटच्या टॅगवर डिजिटल सही करा आणि त्याचा हॅश हस्तांतरणाच्या पत्रात छापा. प्रत्येक पानावरच्या शिक्क्यापेक्षा तो पक्का पुरावा आहे, कारण मागचा एक कमिट बदलला तरी पुढचे सगळे हॅश बदलतात. हे साहेबांना सोप्या शब्दांत समजावून सांगा. बहुतेकांना कळते, फक्त कुणी सांगितलेले नसते.

निविदेसाठी अटीचा मसुदा आम्ही सुचवतो: 'कंत्राटदाराने कामाच्या पहिल्या दिवसापासूनच्या संपूर्ण इतिहासासह रिपॉझिटरी, तिच्या अंतिम टॅगच्या हॅशसह, दर तिमाहीस व काम पूर्ण झाल्यावर कार्यालयास सादर करावी. मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध असलेल्या प्रणालीसाठी कोटेशन मागवण्यात येऊ नये.' निविदापूर्व बैठकीत हा मुद्दा लेखी मांडा. तोंडी मांडलेला मुद्दा इतिवृत्तात येत नाही, हे आपण सगळे जाणतो. एकट्या कंपनीला भीती वाटत असेल तर जिल्ह्यातल्या तीन-चार कंपन्यांनी मिळून एक पत्र द्या.

या मसुद्यात काही उणे असेल तर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत कळवा. सुधारलेला मसुदा पुढच्या अंकात छापू, तो कापून थेट निविदेला जोडता येईल. आणि कोटेशन, डीव्हीडी, छापील प्रत यांबाबत ज्यांना कार्यालयाकडून लेखी शेरे आले आहेत, त्यांनी त्यांच्या प्रती आमच्याकडे पाठवाव्यात. कार्यालयाचे आणि अधिकाऱ्याचे नाव खोडले तरी चालेल. जावक क्रमांक आणि तारीख मात्र ठेवा.