थंडीत कुत्र्याला स्वेटरच्या आधी ब्रश हवा

निफाडचा पारा बातम्यांत आला की पुण्या-नाशिकच्या पेट शॉपमध्ये कुत्र्यांचे स्वेटर लटकू लागतात. घरोघरी आणखी एक गोष्ट होते. ‘गारठा आहे’ म्हणून कुत्र्याची अंघोळ थांबते आणि तिच्याबरोबर ब्रशही कपाटात जातो. अंघोळ कमी केली तर काही बिघडत नाही. ब्रश थांबवला तर बिघडतं.

कारण साधं आहे. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ, खालचे लोकरीसारखे मऊ. या खालच्या थरात हवा अडकते आणि तीच ऊब धरून ठेवते. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांतलं जे थोडंफार लक्षात आहे, त्यात हे एक: स्थिर हवेतून उष्णता सहज बाहेर जात नाही. आपली रजई याच तत्त्वावर चालते. पण गळलेले केस आतच अडकून जटा झाल्या, की हवेला जागाच उरत नाही. शिवाय जटेखाली ओल साचते, कातडी लाल होते, वास येऊ लागतो. चालताना जटा कातडीला ओढत राहते, ते दुखणं वेगळंच. ‘हल्ली हात लावला की गुरगुरतो’ असं कुणी म्हणालं तर आधी त्याच्या काखेत आणि कानामागे बोटं घालून बघा.

लांब केसांच्या कुत्र्याला रोज दहा मिनिटं, आखूड केसांच्याला आठवड्यातून दोनदा ब्रश पुरतो. मात्र वरवर फिरवून उपयोग नाही. केस बाजूला सारत कातडीपर्यंत पोहोचायला हवं. गळ्यातल्या पट्ट्याखालची आणि मांड्यांमागची जागा हमखास सुटते. याच वेळी गोचीडही हाताला लागतात. थंडीत गोचीड मरतात, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. दुपारी तिशीच्या आसपास जाणाऱ्या आपल्या हिवाळ्यात ते मजेत जगतात आणि टिक फीव्हर पसरवतात. त्यामुळे गोचिडाचं औषध पावसाळ्यानंतर बंद करू नका.

अंघोळ महिन्यातून एकदा पुरे. भर दुपारी, कोमट पाण्यानं, गुंते सोडवून झाल्यावरच, कारण भिजलेला गुंता आणखी आवळतो. आपला शाम्पू नको. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी, कुत्र्याची त्यापेक्षा उदासीनतेकडे झुकणारी, त्यामुळे आपला शाम्पू तिला कोरडी करतो. नंतर खालचा थर पूर्ण सुकवा. ड्रायर वापरलात तर मंद आचेवर. कोंडा दिसतो म्हणून खोबरेल चोपडणारेही पुष्कळ आहेत. कुत्रा ते चाटतो, उरलेल्यावर धूळ बसते.

स्वेटरला माझा सरसकट विरोध नाही. पिल्लू, म्हातारा कुत्रा, आखूड केसांचा डॅशहंड किंवा डॉबरमन यांना तो लागतो. पण चार-चार दिवस अंगावर ठेवलेला स्वेटर घासून घासून गुंतेच तयार करतो. दिवसातून एकदा काढा, खाली ब्रश फिरवा.

राहिला ‘झिरो कट’. केस घरभर गळतात म्हणून ऐन डिसेंबरात हस्कीवर मशीन फिरवून आणणं मला तरी क्रूर वाटतं. दोन थरांचे केस मुळापासून काढले तर ते कधी कधी पूर्वीसारखे येतही नाहीत. शिह त्झू, पूडल यांचे केस वाढतच राहतात, त्यांना ट्रिमिंग लागतंच. पण डोळ्यांवरचे आणि पंजांमधले केस कापून बाकीचे थोडे लांब ठेवता येतात.

आणि जटा आधीच घट्ट झाली असेल तर घरची कात्री लावू नका. ओढली गेलेली कातडी जटेबरोबर वर येते आणि केसांऐवजी तीच कापली जाते. ग्रूमरकडे न्या. जटेखाली जखम किंवा पू दिसला तर थेट पशुवैद्याकडे.