अंगठी आणि कडे

जादू, राक्षस, उडते वानर हे सारे बालवाङ्मय. पदवीच्या वर्गात बसणाऱ्याने ते वाचणे म्हणजे वास्तवापासून पळणे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. दुसरा समज त्याहून आत्मतुष्ट : पाश्चात्त्यांची अद्भुतकथा सत्तेची व तलवारीची, पौर्वात्यांची मात्र अध्यात्माची. दोन प्रदीर्घ कथा शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे हे दोन्ही समज डळमळतात.

पहिली टॉल्किनची तीन खंडांतील 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५). टॉल्किन स्वतः १९१६ साली सोमच्या रणभूमीवर होता. त्याच्या कथेत अमर्याद सत्ता देणारी अंगठी फ्रोडोकडे वारशाने येते. पण ती वापरायची नाही, ज्वालामुखीत टाकायची आहे. चांगल्या माणसाच्या हातीही ती चांगली राहत नाही. अखेरच्या क्षणी फ्रोडोलाही ती टाकवत नाही! ती नष्ट होते ती गॉलमच्या हावेमुळे.

दुसरी सोळाव्या शतकातील शंभर अध्यायांची चिनी कथा, 'पश्चिमेची यात्रा'. तिच्यातील भिक्षू म्हणजे सातव्या शतकात भारतात आलेला, महाराष्ट्राचेही वर्णन लिहून ठेवणारा आपला ह्युएनत्संग. त्याचा शिष्य, वानर सुन वुकाँग, स्वर्गात धुमाकूळ घातलेला. त्याच्या डोक्यावर सोन्याचे कडे बसते. गुरूने मंत्र म्हटला की ते आवळते. पण त्याचे सामर्थ्य कोणी काढून घेत नाही. वाटेवर त्याला हळूहळू वळण लागते. अखेर तो बुद्धपदाला पोहोचतो आणि डोके चाचपून पाहतो, तो कडे नाहीसे झालेले!

म्हणजे त्याग सांगणारी कथा पश्चिमेची निघाली आणि सोटा घेऊन लढणारी पूर्वेची. प्रश्न मात्र दोघींचा एकच : हाती आलेल्या सामर्थ्याचे करायचे काय?

माझ्या मते दोन्ही उत्तरे खरी आहेत, फक्त त्यांची जागा चुकता कामा नये. माणसाच्या अंगची रग मोडायची नसते, वळवायची असते. इतरांवर गाजवायची सत्ता मात्र वळवू म्हणता आपल्यालाच वळवते. उद्या आपल्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी अधिकारी. शिक्षकाने वर्गातल्या व्रात्य मुलाकडे पाहताना ते वानर आठवावे. अधिकाऱ्याने खुर्चीत बसताना ती अंगठी. एवढे जमले तरी हे वाचन वाया गेले, असे कोण म्हणेल?