प्रमोशनला ‘नको’ म्हणण्याआधी

शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या घरांना एक विनंती आहे. मुलगी बँकेत लागली की आपण पेढे वाटतो, चौकात फ्लेक्स लावतो, रांजणगावच्या गणपतीला जाऊन येतो. छान करतो. पण पाच-सात वर्षांनी तिच्या शाखेत प्रमोशनचं सर्क्युलर येतं, तेव्हा त्याच घरात काय बोलणं होतं? ‘आहे ते काय वाईट आहे?’ ‘पोरांच्या शाळेचं काय?’ ‘लांब बदली झाली तर?’ शंका खऱ्या आहेत. मात्र त्यांचं उत्तर शोधायला कुणी बसत नाही. चहा संपेपर्यंत विषय मिटतो आणि ती अर्जच भरत नाही.

बँकेतल्या पायऱ्या घरच्यांना ठाऊक नसतात, म्हणून थोडक्यात सांगतो. सरकारी बँकेत अधिकाऱ्याची सुरुवात स्केल वनपासून होते. स्केल फोर म्हणजे मुख्य व्यवस्थापक, फाइव्ह म्हणजे सहायक महाव्यवस्थापक, सेव्हन म्हणजे महाव्यवस्थापक. लिपिकाला खात्यांतर्गत परीक्षा देऊन अधिकारी होता येतं. एकेका पायरीवर काही वर्षं काढावी लागतात आणि पायरी चढताना बदली बहुधा ठरलेलीच. आता बायकांचं वय मोजा. स्केल वन ते थ्रीची वर्षं नेमकी लग्न, बाळंतपण आणि मुलांच्या पहिली-दुसरीची. गळती इथेच होते. काउंटरला बायका भरपूर दिसतात, केबिनमध्ये कमी, आणि वरच्या कार्यालयातल्या बैठकीला बोटांवर मोजण्याइतक्या.

तरीही वर पोचलेल्या दोघींची उदाहरणं पाहा. शुभलक्ष्मी पानसे १९७६ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये लागल्या. ही बँक आपल्या पुण्याची, १९३५ साली नोंदलेली. पुढे त्या विजया बँकेच्या कार्यकारी संचालक झाल्या. त्या बँकेचं मुख्यालय बंगळुरूला होतं. २०१२ मध्ये अलाहाबाद बँकेच्या अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाल्या. तिचं मुख्यालय कोलकात्याला होतं. वरच्या खुर्च्या पुण्यात मांडून ठेवलेल्या नव्हत्या. जिथे होत्या तिथे त्या गेल्या.

दुसरं नाव प्रतीक्षा टोंडवळकर यांचं. जन्म पुण्यातला, घर गरिबीचं, दहावीच्या आधीच शाळा सुटली आणि लग्न झालं. पहिले पती स्टेट बँकेत बुक बाइंडर होते. ते अपघातात गेले तेव्हा ही बाई विशीची, कडेवर लहान मूल. त्यांचे राहिलेले पैसे घ्यायला बँकेत गेल्या आणि तिथेच काम मागितलं. मिळालं ते झाडूपोछ्याचं, संडास साफ करण्याचं, महिना साठ-पासष्ट रुपयांवर. दहावी केली, नाइट कॉलेजातून बारावी, १९९५ मध्ये पदवी. लिपिक झाल्या, २००४ मध्ये ट्रेनी ऑफिसर, आणि २०२२ मध्ये त्याच बँकेत सहायक महाव्यवस्थापक.

ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी फॉरवर्ड केली, खाली ‘जिद्दीला सलाम’ लिहून. मला त्यातला वेगळाच माणूस महत्त्वाचा वाटतो. १९९३ मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केलं ते प्रमोद टोंडवळकर यांच्याशी. ते बँकेत मेसेंजर होते, आणि बँकेची परीक्षा दे म्हणून तेच प्रतीक्षा यांच्या मागे लागले. बायको पास झाली तर आपल्या कितीतरी वर जाणार, हे त्यांना कळत नसेल का? आपल्याकडे शिकलेल्या, पगारदार नवऱ्यांनाही हे पचत नाही. तोंडाने कुणी म्हणत नाही, पण मुलांच्या शाळेचं कारण पुढे येतं तेव्हा काही घरांत खरं कारण हेच असतं.

बदलीचं म्हणाल तर दौंडकरांनी तरी ती सबब सांगू नये. रेल्वेचं जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट असलेलं हे गाव. गार्ड, ड्रायव्हर रात्र रात्र गाडीवर, जवान महिनोन् महिने बंदोबस्ताला. घरं चाललीच ना? आजी आली, शेजारीण धावली, डबा लावला. हीच तजवीज तिच्यासाठी दोन-तीन वर्षं करायला काय हरकत आहे?

सवलतीही आहेत. विवाहित महिला कर्मचाऱ्याला, तिने विनंती केल्यास, पतीच्या गावी किंवा जमेल तितक्या जवळ नेमणूक द्यावी आणि अविवाहितेला आईवडिलांजवळ, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०१४ साली सरकारी बँकांना कळवलं. स्टेट बँकेत अरुंधती भट्टाचार्य अध्यक्ष असताना मुलांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी महिलांना दोन वर्षांपर्यंत रजा घेऊन परत कामावर येण्याची सोय झाली. तुमच्या बँकेचा आजचा नियम एचआरला विचारा. विनंती तोंडी करू नका. लेखी द्या आणि पोच घ्या.

पसंतीची ठिकाणं लिहिताना किलोमीटर मोजू नका, जाण्यायेण्याचा वेळ मोजा. दौंडच्या बाईला यवत, उरुळी, लोणी गाडीने गाठता येतं. शिरूरला रेल्वे नाही, आणि नगर रस्त्यावर वाघोलीची कोंडी काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. शिरूरकरणीने शिक्रापूर, रांजणगाव आधी लिहावं.

आणि बायांनो, थोडं तुम्हालाही. जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा मूल व्हायच्या आधी उरकता आल्या तर उरका. पगारवाढ मिळते आणि बढतीच्या वेळी उपयोग होतो. कर्जविभागाचं काम मागून घ्या. वर्षानुवर्षं कॅश आणि पासबुकात राहिलेल्या बाईला मुलाखतीत कर्जप्रकरणांबद्दल विचारलं की अडखळायला होतं, आणि ते तिच्या हुशारीचं अपयश नसतं, तिला ते टेबल मिळालेलंच नसतं. सर्क्युलर आलं की घरी सांगा, पण ‘भरू का?’ असं विचारू नका. ‘भरतेय, पोरांचं कसं करायचं?’ असं विचारा.

गावच्या पतसंस्थांनाही हे लागू आहे. संचालक मंडळात महिलांच्या दोन जागा राखीव असतात. पुष्कळ ठिकाणी सही संचालिकेची आणि बैठकीला हजर तिचे मालक. बचतगटाचा हिशेब पै-पैने ठेवणारी बाई त्या खुर्चीवर स्वतः बसली तर थकबाकीची यादी ती कुणाचं तोंड न बघता वाचून दाखवील. पुढच्या सभेच्या नोटिशीबरोबर कर्जवाटपाची आणि थकबाकीची कागदपत्रं संचालिकेच्या हातात द्या, आणि तिच्या मालकांना त्या दिवशी दुसरं काम सांगा.