फोनचे अपडेट : घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती कशाला?



फोनच्या पडद्यावर ‘नवीन अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना आली की आपल्या घरांत साधारण तीन गोष्टी घडतात. कोणी ‘नंतर’ या शब्दावर बोट ठेवून मोकळे होते. कोणी थोर माणूस बजावतो, ‘त्याने फोन बिघडतो, हात लावू नकोस.’ आणि कोणी फोन घेऊन तापकीर गल्लीतल्या किंवा वस्तीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात जाते, तिथे फोनबरोबर पिनही सांगून येते आणि संध्याकाळी फोन परत आणते. तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : हे काम आपले नव्हे. या आठवड्यात आपण या समजुतीविषयी बोलू.

आज फोनमध्ये काय काय असते ते पाहा. बचत खात्यात पैसे आल्याचा संदेश त्यावर येतो. मुलीचा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरताना ओटीपी त्याच फोनवर येतो. जातीचा दाखला आणि गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये असतात. पैसे देण्याघेण्याचे जे अ‍ॅप 30 डिसेंबर 2016 रोजी सुरू झाले, त्याला बाबासाहेबांच्या नावावरून ‘भीम’ हे नाव दिले गेले. पूर्वी असे कागद पत्र्याच्या पेटीत असत आणि पेटीची किल्ली आईच्या कमरेला असे. ती किल्ली आपण कधी दुकानदाराकडे ठेवली होती का?

अपडेट म्हणजे काय?

फोनमध्ये जी अ‍ॅप्स दिसतात त्यांच्या खाली एक मूळ कारभारी काम करत असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक फोनमध्ये ती अँड्रॉइड असते. या कारभाऱ्याला नवे काही शिकवणे आणि त्याच्या कामातल्या चुका दुरुस्त करणे म्हणजे अपडेट.

शिकवणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने कळेल. रुपयाचे ₹ हे चिन्ह भारत सरकारने 15 जुलै 2010 रोजी स्वीकारले. ज्या रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी 1923 साली लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या रुपयाचे नवे चिन्ह तेव्हाच्या संगणकांना माहीतच नव्हते. अपडेटमधून ते त्यांना शिकवावे लागले. आपल्या लिपीचेही तसेच झाले. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर मराठी संदेश आला की अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत. पुढच्या आवृत्त्यांत देवनागरीची सोय झाली आणि आजीलाही नातवाचा संदेश वाचता येऊ लागला.

दुरुस्तीचा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. 2015 साली अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघडकीस आला. नुसता एक चित्रसंदेश पाठवून चोराला फोनमध्ये शिरता येईल, असा तो दोष होता. त्यानंतर गूगलने दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याची पद्धत सुरू केली. यात एक मेख आहे. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होते ते चोरालाही कळते. 2017 च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषाची दुरुस्ती दिली होती. ती ज्यांनी बसवली नाही त्यांच्यावर मे महिन्यात ‘वॉनाक्राय’चा हल्ला झाला. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामकाजसुद्धा विस्कळीत झाले. दुरुस्ती दोन महिने आधी तयार होती, पण बसवायची राहिली होती. तेव्हा ‘नंतर’ हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

आधी तयारी

अपडेट करताना नुकसान होते ते बहुतेक वेळा तयारी न केल्यामुळे. म्हणून पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिली गोष्ट, आपल्या गूगल खात्याचा पत्ता आणि पासवर्ड आपल्याला माहीत आहे का ते पाहावे. पुष्कळ घरांत फोन घेताना दुकानातल्या मुलानेच खाते उघडून दिलेले असते आणि पासवर्ड त्याला आठवत नाही, आपल्याला तर कधी माहीतच नव्हता. फोन काही कारणाने पूर्ण पुसला गेला, तर तो सुरू होताना जुन्याच खात्याची खूण मागतो. ती देता आली नाही तर फोन आपला असून परका होतो. पासवर्ड आजच बदलून घरच्या वहीत लिहावा आणि ती वही घरातच ठेवावी.

दुसरी गोष्ट, फोटो, संपर्क क्रमांक आणि व्हॉट्सअ‍ॅपची प्रत काढून ठेवावी. नेहमीच्या अपडेटने सहसा काही पुसले जात नाही. तरीही दिवंगत वडिलांचा एकमेव फोटो ‘सहसा’ या शब्दावर सोडू नये.

तिसरी गोष्ट, बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी, जागा मोकळी असावी आणि शक्यतो वाय-फाय असावे. वीज जाण्याच्या वेळा ओळखून काम करावे. काम चालू असताना फोन मध्येच बंद करू नये.

हाताने करण्याच्या वाटा

साधी वाट अशी. ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘अबाउट फोन’ उघडावे. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेटची तारीख शोधावी. ही तारीख वर्षभर जुनी असेल तर फोनला मागची बरीच औषधे मिळालेली नाहीत असे समजावे. मग ‘सिस्टिम’ किंवा ‘सॉफ्टवेअर अपडेट’मध्ये जाऊन ‘चेक फॉर अपडेट’ दाबावे. सूचनेची वाट न पाहता आपण होऊन विचारणे, हीच हाताने अपडेट करण्याची पहिली पायरी.

शेजारच्या वहिनींना अपडेट आले आणि आपल्याला आले नाही, म्हणून घाबरू नये. कंपन्या नवी आवृत्ती आधी थोड्या फोनवर पाठवतात, काही दोष निघतो का ते पाहतात आणि मग बाकीच्यांना देतात.

दुसरी वाट म्हणजे पूर्ण फाइल उतरवून घेऊन ती आपण बसवणे. गूगल आपल्या पिक्सेल फोनसाठी अशा फाइली स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवते. त्यांत ‘ओटीए इमेज’ आणि ‘फॅक्टरी इमेज’ असे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात फोन केबलने संगणकाला जोडून, रिकव्हरी मोडमध्ये नेऊन ‘एडीबी’ या प्रोग्रॅमने फाइल आत सोडतात. त्याने आतली माहिती पुसली जात नाही. दुसऱ्या प्रकारासाठी फोनचे मूळ कुलूप, म्हणजे बूटलोडर, उघडावे लागते आणि ते उघडताना सगळी माहिती पुसली जाते. हा फरक ध्यानात ठेवावा. आयफोन संगणकाला जोडला की तिथेही ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन शब्द येतात. ‘रिस्टोअर’ने फोन कोरा होतो. शब्द न वाचता बोट ठेवले तर वर्षांच्या आठवणी जातात.

अनेक फोनमध्ये आता सिस्टिमसाठी दोन कप्पे असतात. फोन चालू असतानाच नवी आवृत्ती रिकाम्या कप्प्यात उतरते, आणि तिथून फोन सुरू झाला नाही तर तो जुन्या कप्प्यातून उभा राहतो. म्हणून ‘अपडेट केले की फोन मरतो’ ही भीती पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

कालामांची कसोटी

सगळ्यात मोठा धोका खोट्या अपडेटचा आहे. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती, बँकेची केवायसी अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एपीके’ फाइली येतात. ती फाइल बसवली की ओटीपी चोराच्या हाती जातात. ‘ताबडतोब अपडेट करा, नाहीतर खाते बंद’ असा संदेश आला की आपण घाबरतो आणि घाबरलेला माणूस तपासत नाही.

केसपुत्तच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, तर आम्ही कोणाचे मानावे? तथागतांनी त्यांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः तपासून घ्या, अशी दिशा दाखवली. हीच कसोटी इथे लावावी. संदेश भावाच्या नंबरवरून आला म्हणून खरा मानू नये, कारण भावाचाही फोन चोराच्या ताब्यात असू शकतो. ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही. ते फोनच्या सेटिंग्जमधून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे.

यंत्रसुद्धा ही कसोटी पाळते. फाइलवर कंपनीची डिजिटल सही नसेल तर मूळ कुलूप लागलेला फोन ती नाकारतो. पिक्सेलच्या फाइलींसोबत एसएचए-256 नावाची 64 अंक-अक्षरांची ओळ दिलेली असते. आपण उतरवलेल्या फाइलीची ओळ काढून ती जुळते का ते पाहता येते. एक अक्षर वेगळे निघाले तरी ती फाइल टाकून द्यावी. यंत्र विश्वासाआधी पडताळणी करते, मग आपण का करू नये?

फसवणूक झालीच तर लाज बाळगून गप्प बसू नये. ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर जातात.

गरिबाच्या फोनचे आयुष्य

एवढे सगळे करूनही काही घरांत ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ असेच उत्तर येईल आणि तारीख मात्र तीन वर्षांपूर्वीची असेल. म्हणजे कंपनीने त्या फोनकडे पाठ फिरवली आहे. गूगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 साठी आणि सॅमसंगने 2024 मध्ये गॅलेक्सी एस 24 साठी सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. हे महागडे फोन आहेत. स्वस्त फोनला सहसा याहून कमी वर्षे अपडेट मिळतात, आणि आपल्या वस्तीत फोन येतो तो बहुधा स्वस्त, नाहीतर दुसऱ्याने वापरलेला. ज्याला फसवणुकीचा फटका सोसवणार नाही, त्याच्याच दाराला कच्चे कुलूप, असा हा न्याय आहे. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून फोन कंपन्यांवर अनेक वर्षे अपडेट देण्याचे बंधन घातले. कंपनीची मर्जी आणि कायद्याचा हक्क यांतले अंतर आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको. तशी मागणी आपल्याकडेही झाली पाहिजे. तोवर जुना फोन विकत घेताना कॅमेऱ्याआधी सुरक्षा अपडेटची तारीख उघडून पाहावी.

कंपनीने सोडलेल्या काही फोनवर ‘लिनिएजओएस’सारखी स्वयंसेवकांनी चालवलेली सिस्टिम बसवता येते. पण त्यासाठी मूळ कुलूप उघडावे लागते, माहिती पुसली जाते आणि नंतर काही बँकांची अ‍ॅप्स चालत नाहीत. म्हणून घर ज्या फोनवर चालते त्याच्यावर हा प्रयोग करू नये. कपाटात पडलेला जुना फोन असेल तर कॉलेजातल्या मुलामुलींनी त्यावर अवश्य शिकावे.

एक सूचना करून थांबते. रविवारी विहारात बुद्धवंदना झाल्यावर एक तास यासाठी ठेवावा. ताडीवाला रोड असो, बोपोडी असो की येरवडा, प्रत्येक वस्तीत संगणक शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी आहेच. त्यांनी मावशींचा फोन हातात घेऊन काम उरकू नये. शेजारी बसावे, सांगावे आणि बोट मावशींनाच ठेवू द्यावे. आपल्या माणसांना शतकानुशतके ‘तुझे काम नव्हे’ असे सांगून ज्ञानापासून दूर ठेवले गेले. फोनच्या बाबतीत तरी ते वाक्य आपण आपल्याच आईला ऐकवू नये.