वृद्धांना छप्पर नव्हे, सोबत हवी

आमच्या मंडळींत हल्ली एक विषय वारंवार निघतो. मुले मुंबई-पुण्याला किंवा परदेशी. वडिलोपार्जित घरात मागे राहिलेली म्हातारी माणसे एकेकटी. तेव्हा देवळाच्या परिसरात ज्येष्ठांसाठी एक निवास उभारावा, असे कोणी सुचवितो. लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हा आमच्या धर्माला कलंक आहे. दुसरा म्हणतो, जागा आहे, देणगीदार आहेत, इमारत बांधून मोकळे व्हावे. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. आणि दुसऱ्याची चूक अधिक घातक आहे, कारण ती सत्कृत्याच्या वेषात येते.

पहिल्या पक्षाचे समाधान करणे कठीण नाही. म्हातारपणी घर सोडणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे आमच्या कोणत्या शास्त्राने सांगितले? अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृतीच सांगते. महाभारतातील आश्रमवासिक पर्व तर ह्या मंडळींनी एकदा डोळ्यांखालून घालावेच. युद्धानंतर पंधरा वर्षे धृतराष्ट्र पांडवांच्या घरी राहिला आणि मग वनात निघाला. त्याच्याबरोबर गांधारी निघाली, विदुर आणि संजय निघाले, आणि कुंतीही निघाली. तिचे पुत्र राज्यावर होते. त्यांनी विनवण्या केल्या. तरी ती थांबली नाही. म्हणून पांडवांना कोणी कुपुत्र म्हटले नाही.

त्या प्रयाणाचे चित्र पाहण्याजोगे आहे. पुढे कुंती, तिच्या खांद्यावर डोळे बांधलेल्या गांधारीचा हात, आणि गांधारीच्या खांद्यावर आंधळ्या धृतराष्ट्राचा हात. एकीच्या मुलांनी दुसरीची शंभर मुले मारली होती! तरीही आयुष्याच्या शेवटच्या वाटेवर त्या दोघी एकमेकींच्या सोबतीण झाल्या. त्या अरण्यात त्यांना राजवाड्याच्या सोयी नव्हत्या. होता तो खांदा आणि त्यावरचा हात.

शिवाय आकडे डोळ्यांआड करता येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण साऱ्या देशात शेकडा ८.६ होते, गोव्यात ते ११.२ होते. ह्या बाबतीत केरळच्या खालोखाल गोव्याचा क्रमांक लागला. इतक्या माणसांचा प्रश्न ‘मुलांनी सांभाळावे’ एवढ्या एका वाक्याने सुटत नाही.

कायद्याने तो सुटेल, अशी कोणाची समजूत असेल तर तीही आम्ही दूर करतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या नवव्या कलमाने दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देवविता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, तेविसाव्या कलमाने परत मिळविता येते. कायदा चांगला आहे. एका वृद्ध विधवा बाईंच्या अर्जाचा मसुदा आम्हीच करून दिला होता. हुकूम त्यांच्या बाजूने झाला. पेढे घेऊन त्या आमच्याकडे आल्या आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या, “वकीलबाब, पयशे मेळटात, पूण सांजेर उलोवपाक कोण आसा?” ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला कोणत्याही कलमात सापडले नाही.

आता दुसरा पक्ष. त्याला वाटते की, इमारत झाली म्हणजे काम झाले. निवृत्तांच्या निवासांसाठी केंद्र सरकारने २०१९ साली नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली. आधाराचे कठडे, न घसरणारी फरशी, चाकांच्या खुर्चीला पुरेशी दारे, ह्या गोष्टी हव्यातच. त्यांना आमचा विरोध नाही. पण अशा निवासांची जी काही करारपत्रे आमच्या नजरेखालून गेली, त्यांत एक कलम आम्हांला पुन्हा पुन्हा आढळले: रहिवासी अंथरुणाला खिळल्यास नातेवाइकांनी त्याला ठराविक मुदतीत घेऊन जावे. म्हणजे ज्या दोन म्हाताऱ्यांनी चार वर्षे शेजारी बसून चहा घेतला, त्यांतला एक पडला की दुसऱ्याने त्याच्या उशाशी बसावयाचे नाही. सामानाची गाडी निघताना फाटकापर्यंत जावयाचे आणि परत फिरावयाचे! मैत्रीची खरी वेळ येते तेव्हाच मैत्री तोडणारे हे कलम आहे. ते ज्या निवासात असेल, त्याला आम्ही भाड्याच्या खोल्या म्हणू. वसाहत म्हणणार नाही.

मैत्री कशाने होते, हे आमच्या समाजाला शिकविण्याची गरज नाही. वास्कोचा श्रीदामोदराचा भजनी सप्ताह पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, साथीच्या दिवसांत, तो सुरू झाला. अखंड चोवीस तास भजन चालते, ते पाळीपाळीने. मध्यरात्री ज्याची पाळी, त्याला उठावेच लागते. कारण आधीचा गाणारा त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव म्हणजेच सोबत. निवासातील म्हाताऱ्याला ताट आयते मिळते, गोळ्या वेळेवर मिळतात. पण त्याची वाट कोणी पाहत नाही, कारण त्याच्याकडे कोणतीच पाळी नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. निवासाच्या व्यवस्थापक समितीत निम्मे सभासद रहिवाशांनी निवडलेले असावेत. प्रत्येकाला झेपेल ती पाळी असावी: कोणी देवाच्या माळा गुंफाव्यात, कोणी जमाखर्च लिहावा, कोणी आजूबाजूच्या मुलांचा अभ्यास घ्यावा, आणि जो अंथरुणावर आहे त्याच्यापाशी कोणीतरी पोथी वाचावी. रुग्णाला बाहेर काढण्याचे कलम नसावे. परिचारिकेची सोय आरंभीच्या अंदाजपत्रकातच धरावी.

शेवटची मागणी काहींना झोंबेल. हा निवास केवळ महाजनांपुरता, आणि त्यांतही मोठी अनामत भरू शकणाऱ्यांपुरता असू नये. ज्याने चाळीस वर्षे पहाटे चौघडा वाजवून आम्हांला जागे केले, जिने सभामंडप झाडला, त्या सेवेकऱ्यांनी म्हातारपणी कोठे जावे? देवासमोर ती माणसे आमच्याच शेजारी उभी होती. त्यांना पंक्तीबाहेर ठेवून जे उभे राहील ते श्रीमंतांचे विश्रामगृह होईल, देवस्थानाचे कार्य होणार नाही.

पायाचा दगड बसविण्याची घाई कोणी करू नये. आधी नियम लिहावेत आणि ते सभेपुढे मोठ्याने वाचावेत. वाचताना प्रत्येक सभासदाने मनाला एकच प्रश्न विचारावा: ह्या नियमांखाली, डोळे गेल्यावर, माझा हात ठेवायला मला कोणाचा तरी खांदा मिळेल काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर ते नियम फाडून पुन्हा लिहावेत. इमारत थांबेल, थांबू द्यावी.